व्हाकेरो की काउबॉय? खोगिराचे तंग मोजा

व्हाकेरो म्हणजे मेक्सिकोचा काउबॉय, असं सर्रास लिहिलं जातं. उलटं म्हटलं तर जास्त खरं ठरेल. घोड्यावरून गुरं वळायची विद्या व्हाकेरोची. टेक्सासच्या काउबॉयने ती उचलली आणि आपल्या सोयीने बदलली. हे बदल सामानात दिसतात.

कॅलिफोर्नियाच्या व्हाकेरोची रिआटा, म्हणजे गुरं पकडायची फासाची दोरी, कच्च्या चामड्याच्या वाद्या विणून केलेली असे. चार ते आठ पदर, लांबी साठ फूट किंवा जास्तच. मोकळ्या कुरणात एवढी दोरी फेकता येते. पण चामडं एका जोरदार हिसक्याने तुटतं, म्हणून टोक खोगिराला बांधत नाहीत. फास पडला की खोगिराच्या पुढच्या खुंटीला दोरीचे वेढे द्यायचे आणि ती थोडी सरकू द्यायची. हिसका घर्षणात जिरतो. वेढा देताना अंगठा वर हवा. तो दोरी आणि खुंटीच्या मध्ये सापडला तर तुटूनच पडतो, आणि असे अंगठे पुष्कळांनी गमावले आहेत.

दक्षिण टेक्सासात काटेरी झुडपांची दाटी. तिथे लांब दोरी अडकते, वेढे द्यायला सवडही मिळत नाही. म्हणून तीस-चाळीस फुटांचा मनिलासारख्या वनस्पतीच्या धाग्याचा दोर, टोक खुंटीला पक्कं बांधलेलं. अंगठा वाचला, पण सुटका नाही: घोडा पडला तरी बैल दोराच्या दुसऱ्या टोकाला आहेच. शिवाय सगळा हिसका खुंटीवर येतो आणि खोगिराची मागची बाजू उचलली जाते. ती दाबून धरायला टेक्सासी खोगिराला मागे दुसरा तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून आवळायचा पट्टा, आला. कॅलिफोर्नियाच्या खोगिराला मधोमध एकच.

घोडा तयार करण्यातही तोच फरक. व्हाकेरो आधी नाकावरच्या विणलेल्या पट्ट्याने शिकवी, मग पट्टा आणि कडियाळं दोन्ही, शेवटी नुसतं तोंडातलं कडियाळं. यात वर्षं जात. दोन-अडीच हजार गुरं उत्तरेला हाकायला निघालेल्या मालकाकडे एवढा वेळ कुठला? घोडा काही दिवसांत कसाबसा बसण्याजोगा झाला की कामाला.

आता माणसं. खरा घोळ इथे आहे, कारण व्हाकेरो स्पॅनिश आणि काउबॉय गोरा असं आपण धरून चालतो. कॅलिफोर्नियात 1769 पासून स्पॅनिश मिशनं उभी राहिली. मूळ रहिवाशांनी घोड्यावर बसू नये असा स्पॅनिश नियम होता, पण गुरं वाढली, माणसं अपुरी पडली, आणि पाद्र्यांनी त्यांनाच घोडे दिले. तिथले सुरुवातीचे कितीतरी व्हाकेरो हेच. टेक्सासात 1854 च्या सुमारास रिचर्ड किंग या गुरांच्या मालकाने मेक्सिकोतल्या तामाउलिपास राज्यातल्या क्रुइयास गावची गुरं विकत घेतली आणि दुष्काळाने गांजलेल्या गावकऱ्यांनाही कामाला आणलं.

काउबॉयांपैकी साधारण चौथा हिस्सा कृष्णवर्णीय होता, असा इतिहासकारांचा नेहमीचा अंदाज. मालक अमेरिकेच्या यादवी युद्धावर गेले तेव्हा टेक्सासातली गुरं बऱ्याच ठिकाणी गुलामांनीच सांभाळली. 1865 साली गुलामी संपली आणि तेच हात पगारावर आले. गुलामीत जन्मलेला बोस इकार्ड टेक्सासचा गुरांचा मालक चार्ल्स गुडनाइट याच्या कळपांबरोबर असे, आणि विक्रीची रोकड गुडनाइट त्याच्याकडे ठेवायला देई.

तिसरी शाखा तर समुद्रापार. हवाईचा राजा कामेहामेहा तिसरा याच्या काळात, 1830 च्या दशकात, कॅलिफोर्नियाहून व्हाकेरो हवाईला नेले गेले. त्यांच्याकडून शिकलेले ते पानिओलो. 1908 साली त्यांच्यातल्या इकुआ पर्डीने उसना घोडा घेऊन वायोमिंगच्या शायानमध्ये बैल पकडायची स्पर्धा मारली.

जुना फोटो पाहताना म्हणून चेहऱ्यावर जाऊ नका, तंग मोजा. तरी सीमेवर सरमिसळ आहेच: टेक्सासात व्हाकेरोही दोर बांधूनच काम करत. आजच्या रोडिओत, म्हणजे काउबॉयांच्या खेळांत, वासरू पकडताना दोर बांधलेला असतो, आणि दोघांनी मिळून बैल पकडायच्या खेळात वेढे देतात. खुंटीवर रबर गुंडाळलेलं असतं, म्हणजे दोरी नीट धरते. अंगठे मात्र अजून जातात.