कोयना, किल्लारी आणि दरवेळी मागाहून बदललेला नकाशा

भूकंप म्हटलं की आपल्याकडे हिमालय नाहीतर कच्छ आठवतो. पण गेल्या साठेक वर्षांत महाराष्ट्राने दोन मोठे भूकंप सोसलेत, आणि दोन्ही अशा जागी जिथे असं काही होईल असं तज्ज्ञांनाही वाटत नव्हतं, दख्खनचं पठार म्हणजे जुना घट्ट खडक, तिथं काय हलणार असाच समज होता. आता हिंगोली-नांदेडकडे अधूनमधून धक्के बसतायत म्हणून मागचं सगळं एकदा सलग सांगतो.

सुरुवात कोयनेची. 103 मीटर उंचीचं धरण, 1961-62 पासून शिवसागर जलाशयात पाणी साठायला लागलं आणि थोड्याच काळात आसपासच्या गावांना बारीक हादरे आणि जमिनीतून आवाज जाणवू लागले. 1967 च्या सप्टेंबरात पाचच्या वरचा धक्का बसला आणि मग 11 डिसेंबरला पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी 6.3 तीव्रतेचा मुख्य भूकंप. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, कोयनानगर पडलं, हादरा पार मुंबई-पुण्यापर्यंत गेला. धरणाचं डिझाइन करताना भूकंपाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या 5 टक्के धरला होता, धरणातल्या यंत्रावर नोंद झाली 63 टक्क्यांची! तडे गेले पण धरण उभं राहिलं, नंतर मागून काँक्रीटचा आधार देऊन मजबूत केलं.

कारण काय, तर खडकातल्या भेगांत ताण आधीपासूनच होता, जलाशयाचं वजन आणि भेगांत मुरलेल्या पाण्याचा दाब यामुळे तो मोकळा व्हायला निमित्त मिळालं. म्हणूनच पावसाळ्यात धरण भरल्यावर तिथे धक्के वाढतात. पुढे 1985 पासून दक्षिणेला वारणेचं चांदोली धरण भरायला लागलं आणि काही वर्षांनी धक्के तिकडेही सरकले. आता कोयना परिसरातल्या गोठणे इथे 3 किलोमीटर खोल बोअर घेऊन, बेसाल्टच्या थराखालच्या ग्रॅनाइटपर्यंत जाऊन अभ्यास चाललाय, त्याची प्रयोगशाळा कराडजवळ हजारमाचीला आहे. भूकंप जिथे जन्मतो त्याच्या जवळ जाऊन बघणं हे जगात फार थोड्या ठिकाणी झालंय आणि त्याचा अभिमान वाटायला हवा.

कोयनेनंतर 1970 मध्ये देशाचा भूकंपाचा नकाशा, म्हणजे कुठे किती धोका ते झोन पाडून दाखवणारा, बदलला, कोयना परिसर जास्त धोक्याच्या झोन चारमध्ये गेला. मराठवाडा मात्र सगळ्यात कमी धोक्याच्या झोन एकमध्येच राहिला.

आणि मग किल्लारी. 1992 च्या पावसाळ्यापासूनच तिथे हादरे बसत होते, ऑक्टोबरात चारच्या वरचा एक झाला, लोक घाबरून बाहेर झोपले, मग हळूहळू धक्के कमी झाले आणि लोक परत घरात गेले. 30 सप्टेंबर 1993, अनंत चतुर्दशीची रात्र, विसर्जन करून माणसं झोपलेली, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. तीव्रता 6.2 च्या आसपास म्हणजे कोयनेइतकीच, पण सरकारी आकड्यानुसारच साडेसात हजारांच्या वर माणसं गेली, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली पन्नासेक गावं जमीनदोस्त झाली. भूकंप उथळ होता हे एक, पण खरा घात घरांनी केला. दोन-तीन फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत नीट न गुंतवलेला, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच माळवद झोपलेल्या लेकराबाळांवर आलं. हे मला अजूनही सहन होत नाही, कारण भिंतीतून आरपार जाणारे दगड, दाराखिडक्यांच्या वरून फिरवलेला काँक्रीटचा पट्टा आणि माळवदावरची थोडी माती कमी करणं एवढ्यानेही बरेच जीव वाचले असते, आणि हे शास्त्र तेव्हा माहीत होतं, फक्त नकाशात धोका नव्हता म्हणून गवंड्यापर्यंत कोणी नेलंच नाही.

भूकंपानंतर मात्र काम मोठं झालं. जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसन, 52 गावं नव्या जागी, गवंड्यांना ट्रेनिंग, उभ्या घरांची मजबुती, आणि गावोगाव संवाद सहायक म्हणून बायका पुढे आल्या, त्यांनी घराघरात जाऊन हे समजावलं. 2002 मध्ये झोन एक हा प्रकारच नकाशातून काढून टाकला, किल्लारी झोन तीनमध्ये गेली. आपत्ती व्यवस्थापनाचा देशाचा कायदा 2005 चा, पण महाराष्ट्रात जिल्ह्यांचे आराखडे किल्लारीनंतरच बनायला लागले होते.

2024 च्या मार्चमध्ये आणि परत जुलैमध्ये हिंगोलीला 4.5 चे धक्के बसले. तेव्हा प्रशासनाने लोकांना पहिली सूचना दिली ती पत्र्यावरचे दगड काढायची. माळवदं गेली, पत्रे आले, वाऱ्याने उडू नयेत म्हणून लोक त्यावर मोठाले दगड ठेवतात, आणि हादरा बसला की ते खाली येतात. ते खाली उतरवून पत्रे हूक-बोल्टने छताच्या कैचीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, पक्के करायला फार खर्च येत नाही, ग्रामपंचायतींनी पुढच्या धक्क्याची वाट न बघता हे आत्ताच करून घ्यावं.