कोरोनातला नागपुरी प्रश्न: कूलर लावायचा की नाही?

होळी झाली की नागपुरात कूलर बाहेर निघतात. वर्षभराची धूळ झटकायची, टाकीला गंज चढला असेल तिथे डांबर लावायचं, पंप पाणी ओढतो का ते बघायचं आणि खसच्या जुन्या ताट्या काढून नव्या बसवायच्या. २०२० साली हे काम घरोघरी अर्ध्यावर असतानाच २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली. दुकानं बंद, मग गेल्या वर्षीच्याच ताट्या धुऊन पुन्हा चढवा. दुसरी लाट आली तीही नेमकी कूलरच्याच मोसमात: १५ ते २१ मार्च २०२१ शहरात कडक टाळेबंदी होती आणि त्यानंतरचा एप्रिल कसा गेला हे नागपूरकराला सांगायला नको.

या दोन्ही उन्हाळ्यांत एक प्रश्न सतत कानावर यायचा. कूलर लावायचा की नाही? ‘कूलरच्या वाऱ्याने विषाणू घरभर फिरतो’ असे संदेश मोबाइलवर फिरत होते आणि चव्वेचाळीस अंशांत माणसं नुसत्या पंख्याखाली घाम पुसत बसली होती. ही भीती अर्धी खरी होती. खरा अर्धा भाग कोणता, हे कळायला कूलर नेमकं काय करतो ते बघावं लागतं.

खिडकीत बसवलेला पत्र्याचा कूलर बाहेरची कोरडी हवा तीन बाजूंच्या ओल्या ताट्यांतून आत ओढतो. ताटीतलं पाणी वाफ होताना त्या हवेतली उष्णता घेतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल लागतात, म्हणजे साधारण दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता. मे महिन्यातल्या दुपारी बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक २३ अंशांच्या आसपास थांबतो. त्यापेक्षा थंड हवा कूलर देऊच शकत नाही. ताटी चांगली भिजलेली असेल तर कूलर ४४ ते २३ या अंतराचा तीन चतुर्थांश टप्पा गाठतो आणि २८-२९ अंशांची हवा खोलीत येते. तिची आर्द्रता साठीच्या घरात गेलेली असते. २०२०च्या एप्रिलमध्ये वातानुकूलन अभियंत्यांच्या ‘इशरे’ या भारतीय संस्थेने कोविडकाळासाठी खोलीचं तापमान २४ ते ३० अंश आणि आर्द्रता ४० ते ७० टक्के ठेवावी असं सुचवलं होतं. आपला पत्र्याचा डबा त्यात आपसूक बसत होता.

पण गारव्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ही हवा बाहेरून आलेली असते. साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा ओढतो, थंड करतो आणि परत खोलीत सोडतो. कोणाच्या श्वासातून विषाणू बाहेर पडत असेल तर तो त्याच हवेत साचत जातो. कूलरची हवा मात्र परत येत नाही. ती एका बाजूने शिरते आणि दुसरीकडून तिला निघावंच लागतं.

आकडे घालून बघू. बारा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे जेमतेम ४१ घनमीटर हवा. कूलरच्या खोक्यावर ताशी तीन-चार हजार घनमीटर असं काहीतरी छापलेलं असतं. ताट्यांत माती बसलेली, पंखा जुना, म्हणून आपण फक्त हजार धरू. तरीही खोलीतली हवा तासाला चोवीस वेळा बदलते. हवेतून पसरणाऱ्या आजारांच्या रुग्णांसाठी विलगीकरण खोली बांधताना तासाला किमान १२ वेळा हवा बदलावी असा निकष आहे. म्हणजे हवा बदलण्यापुरतं बोलायचं तर नागपुरातली साधी बैठकीची खोली त्याच्या दुप्पट काम करत होती, तेही खसच्या वासासह.

एक अट मात्र आहे, आणि नागपुरात तीच मोडते. ‘अरे दार लाव ना, हवा बाहेर जाऊन राहिली!’ हे वाक्य इथल्या प्रत्येक घरात ऐकू येतं. हवा बाहेर गेली नाही तर नवी हवा आत कुठून येणार? दारं-खिडक्या लावून घेतल्या की पंखा नुसता घरघरतो, खोली दमट होते आणि तासाभरात अंग चिकचिकायला लागतं. बाजारात चाकांवर फिरणारे प्लास्टिकचे कूलर मिळतात, ते खोलीच्या मधोमध ठेवले तर तेही हेच करतात. ‘इशरे’च्या त्याच सूचनांत कूलरला बाहेरची हवा मिळाली पाहिजे, नाहीतर तो उघड्या खिडकीजवळ ठेवावा, असंही होतं.

आता भीतीचा खरा अर्धा भाग. २४ जानेवारी २०२०, चिनी नववर्षाच्या आदल्या दिवशी, ग्वांगझू शहरातल्या एका रेस्टॉरंटच्या तिसऱ्या मजल्यावर तीन कुटुंबं शेजारशेजारच्या टेबलांवर जेवत होती. टेबलांत मीटरभर अंतर, खिडकी नाही, एसी सुरू. मधल्या टेबलावरचं कुटुंब वुहानहून आलेलं होतं. पुढच्या दोन आठवड्यांत या तीन कुटुंबांतले मिळून दहा जण कोविडग्रस्त निघाले. त्या मजल्यावर कर्मचारी धरून ९१ माणसं होती, पण बाकी कोणालाही लागण झाली नाही. ती तीन टेबलं एकाच एसीच्या झोतात होती. हवा मधल्या टेबलावरून भिंतीपर्यंत जायची आणि तिथून वळून परत यायची. नंतर संशोधकांनी त्याच जागेत मोजमाप केलं तेव्हा माणशी ताजी हवा सेकंदाला सुमारे एक लिटर निघाली. एक्झॉस्टचे पंखे बंद होते. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१मध्ये सार्वजनिक जागांसाठी सांगितलेलं प्रमाण आहे माणशी दहा लिटर.

या घटनेत दोन गोष्टी एकत्र आल्या: हवा कमी, आणि जी होती तिची दिशा वाईट. कूलर पहिली गोष्ट सुधारतो. दुसरी आपल्याला बघावी लागते.

घरात कोणी बाधित झालं की त्याला मागच्या खोलीत ठेवायचं आणि उकाड्याने जीव जाऊ नये म्हणून कूलर त्याच्याच खिडकीत लावायचा, असं २०२१मध्ये पुष्कळ ठिकाणी झालं. माया म्हणून ते बरोबर, पण हवेचा हिशेब उलटा. कूलर खोलीत हवा कोंबतो, त्यामुळे तिथला दाब किंचित वाढतो आणि रुग्णाच्या श्वासासकट सगळी हवा दाराच्या फटीतून बैठकीत येते. रुग्णालयातल्या विलगीकरण खोलीत याच्या बरोबर उलट करतात: तिथे दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात, म्हणजे दाराच्या फटीतून हवा आत शिरते, पण बाहेर येत नाही. घरी हे जमवायचं तर कूलर बैठकीत आणि रुग्णाच्या खिडकीत एक्झॉस्ट पंखा, तोंड बाहेर. मग थंड हवा बैठकीतून रुग्णाकडे जाते आणि तिकडून थेट अंगणात. रुग्णालाही गारवा मिळतो, थोडा कमी. मे २०२१मध्ये केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागार कार्यालयाने काढलेल्या पत्रकातही एक्झॉस्ट पंखे आणि आरपार वारा यांवर भर होता. बारीक तुषार हवेतून दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, हेही त्यात स्पष्ट म्हटलं होतं.

दिशा ओळखायला यंत्र लागत नाही. एक उदबत्ती पेटवा आणि रुग्णाच्या दाराखालच्या फटीशी धरा. धूर आत ओढला गेला तर ठीक. तुमच्याकडे वळला, तर पंख्यांची मांडणी बदला. उदबत्तीच्या धुराचे कण एक मायक्रॉनपेक्षाही लहान असतात, श्वासातल्या सगळ्यांत बारीक तुषारांच्याच मापाचे, त्यामुळे जिकडे धूर जातो तिकडे तेही जातात. दाराच्या वरच्या फटीशीही एकदा धरून बघा. खोली गरम असेल तर खाली धूर आत जातो आणि वर बाहेर येतो, आणि एकाच जागी बघून आपण फसतो.

रेस्टॉरंटांची गोष्ट थोडी वेगळी झाली. महाराष्ट्रात बसून जेवायला परवानगी मिळाली ती ५ ऑक्टोबर २०२०पासून, निम्म्या क्षमतेने. तोवर सगळं पार्सलवर. सावजीवाल्यांना ते फारसं जड गेलं नसावं; रस्सा पिशवीत बांधून नेण्याची सवय इथे जुनीच. बसणं सुरू झालं तेव्हा मात्र टेबलांमध्ये प्लास्टिकच्या किंवा अॅक्रिलिकच्या पारदर्शक भिंती उभ्या राहिल्या. बोलताना उडणारे मोठे थेंब त्यांवर अडतात, एवढं खरं. पण बारीक तुषार तासन्‌तास तरंगतात, ते भिंतीला वळसा घालतात. शिवाय अशा भिंतींच्या मध्ये हवा कोंडते. अमेरिकेतल्या शाळांच्या एका मोठ्या अभ्यासात बाकांवरच्या अशा आडपडद्यांचा फायदा दिसला नाही. माझ्या मते आडोसाच हवा असेल तर बुरडाकडचा बांबूचा चिक बरा. दोन कुटुंबांना एकमेकांच्या ताटात बघावं लागत नाही आणि काड्यांच्या फटींतून वारा वाहता राहतो. तो विषाणू अडवत नाही, पण हवाही अडवत नाही. विदर्भात बांबूला तोटा नाही, कारागीर आहेत. तरी बहुतेक मालकांनी अॅक्रिलिकच घेतलं, कारण ते ‘वैज्ञानिक’ दिसतं.

खरा फायदा झाला तो मोकळ्या जागांना. नागपूरला लग्नाच्या लॉनची परंपरा आहे, वर्धा रोड-अमरावती रोडवर ढाबे आहेत, खाटा नि टेबलं झाडाखाली. उघड्यावर वाऱ्याची झुळूक कोणत्याही यंत्रापेक्षा जास्त हवा बदलते. बंद हॉलवाल्यांकडेही एक हत्यार होतं, त्यांच्या लक्षात न आलेलं: स्वयंपाकघराचा मोठा एक्झॉस्ट. भट्टीवरचा तो पंखा इतकी हवा बाहेर फेकतो की समोरचं दार उघडं ठेवलं तर पूर्ण हॉलमधून वारा ओढला जातो. हे नीट चाललंय का, ते नाक सांगतं. फोडणीचा ठसका गिऱ्हाइकापर्यंत पोचत असेल तर हवा स्वयंपाकघरातून हॉलकडे येते आहे, म्हणजे उलटी.

पृष्ठभागांवर मात्र आपण नको इतकी मेहनत घेतली. मार्च २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हा विषाणू प्लास्टिक आणि स्टीलवर ७२ तासांपर्यंत, पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत जिवंत सापडला, तांब्यावर मात्र चार तासांनंतर नाही. तांब्याचे आयन विषाणूचं आवरण आणि आतली जनुकीय सामग्री दोन्ही मोडतात. लगेच तांब्याच्या भांड्यांचं कौतुक सुरू झालं. शेजारचा भंडारा जिल्हा पितळी भांड्यांसाठी जुना नावाजलेला, आणि पितळेतही बहुतांश तांबंच असतं. तांब्याच्या कड्या-मुठी रुग्णालयात उपयोगी आहेतच. पण एप्रिल २०२१मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने दूषित पृष्ठभागाला हात लागून लागण होण्याची शक्यता दर वेळी दहा हजारांत एकापेक्षाही कमी असल्याचं सांगितलं. भाजीच्या पिशव्या धुण्यात गेलेले तास खिडकी उघडण्यात गेले असते तर बरं झालं असतं.

आणि पावसाळा? तेव्हा कूलरचं सगळं गणित कोलमडतं. जुलैत बाहेरची आर्द्रताच ऐंशीच्या वर, पाणी वाफ व्हायला हवेत जागाच नाही. कूलर बंद, टाकी कोरडी करून उलटी (डास होऊ नयेत म्हणून हे हवंच, डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंड्यापासून पूर्ण वाढ आठ-दहा दिवसांत होते), खिडकीवर प्लास्टिक ताणलेलं आणि हॉलमध्ये एसी. म्हणजे हवेचा प्रश्न नागपुरात खरा सुरू होतो तो उन्हाळा संपल्यावर. अशा वेळी कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र कामाला येतं. बाहेरच्या हवेत तो दशलक्ष भागांत सुमारे ४२० भाग असतो, आपल्या उच्छ्वासात चाळीस हजारांच्या आसपास. हॉल भरलेला असताना आकडा हजाराच्या पुढे चढत गेला, तर प्रत्येक जण शेजाऱ्याने सोडलेली हवा पुन्हा घेतो आहे. एसी सुरू ठेवूनच एक खिडकी चार बोटं उघडायची आणि समोरच्या भिंतीतला एक्झॉस्ट चालवायचा. आकडा किती मिनिटांत खाली येतो ते डोळ्यांनी दिसतं. विजेचं बिल थोडं वाढतं, मालकाची कुरकुर असतेच. पण त्याच एक्झॉस्टची तेलकट झालेली जाळी धुतली, तर तोच पंखा जास्त हवा बाहेर फेकतो.