गाडी धुऊन आणू नका: जुनी एसयूव्ही ठेवायची की विकायची हे ठरवण्याआधी

दसरा जवळ आला की आमच्या गॅरेजमध्ये एकाच प्रश्नाचे फोन सुरू होतात. ‘गाडी अडीच लाख पळालीय, ठेवू का विकू?’ फोनवर आम्ही उत्तर देत नाही, आणि काहींना तो आमचा आखडूपणा वाटतो. पण अडीच लाख किलोमीटर हायवेला पळालेली स्कॉर्पिओ आणि दीड लाख किलोमीटर उसाच्या फडातून, पाणंदीतून आणि घाटातून ओढलेली स्कॉर्पिओ यांत कोणती म्हातारी, हे मीटर सांगत नाही. गाडी बघावी लागते. ती कशी आणायची, आम्ही काय बघतो आणि मग हिशेब कसा मांडायचा, एवढ्यासाठी हे माहितीपत्रक. स्कॉर्पिओ, बोलेरो, सफारी, एक्सयूव्ही ५००, फॉर्च्युनर आणि इनोव्हा या सगळ्यांना हे लागू आहे. (इनोव्हाला एसयूव्ही म्हणायचं की नाही, यावर वाद घालायला आम्हाला वेळ नाही.)

जशी आहे तशी आणा

तपासणीला यायचं म्हणून लोक आदल्या दिवशी गाडी वॉशिंग सेंटरला नेतात. बॉडी धुतली तर हरकत नाही. पण तिथला पोरगा बॉनेट उघडून इंजिनावर डिझेल मारतो, प्रेशरने पाणी मारतो, वर पॉलिश फवारतो, आणि गाडी बघण्याच्या कार्यक्रमाला निघाल्यासारखी नटून आमच्या दारात येते. आमचा सगळ्यात जास्त वेळ याच एका गोष्टीने जातो.

इंजिनावरची घाण हाच आमचा पुरावा असतो. ऑइलवर धूळ बसून खडखडीत थर झाला असेल तर ती गळती जुनी आणि सावकाश आहे, ती आणखी वर्षभर तशीच राहू शकते. त्याच थरावरून ओली, चकचकीत रेघ खाली आलेली दिसली तर गळती ताजी आहे. टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून आलेलं ऑइल वरून खाली उतरतं. हे काम किरकोळ. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून ठिबकत असेल तर क्रँकच्या मागच्या ऑइल सीलचा संशय येतो, आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखं काळं साचलं असेल तर खालचा वॉशर गेलाय. वॉटर पंपाखाली कुलंट वाळून राहिल्याचा डाग असेल तर पंप दिवस मोजतोय. हे सगळं धुऊन आलं की आम्हाला दिसतं एक स्वच्छ इंजिन, आणि स्वच्छ इंजिनाबद्दल कोणीच काही सांगू शकत नाही. मग ‘पाचशे-सातशे किलोमीटर चालवा आणि परत या’ म्हणावं लागतं. तुमचा एक दिवस गेला, आमचा रॅम्प अडकला.

त्यात आणखी एक त्रास. डिझेल कॉमन रेल इंजिनाला जागोजागी सेन्सर असतात. प्रेशरचं पाणी एखाद्या कनेक्टरमध्ये शिरलं की कालपर्यंत नसलेला चेक इंजिनचा दिवा आज लागतो, आणि नसलेला बिघाड शोधण्यात आमचा अर्धा दिवस जातो.

याच कारणासाठी येण्याआधी ऑइल बदलू नका, एसीत गॅस भरू नका, बॅटरीची वायर काढून दिवा घालवू नका. गाडी ऑइल खाते का हे कळायला जुनं ऑइल आणि ते कधी टाकलं तो आकडा लागतो. दिव्यामागचा कोड पुसला की तो नेमका कोणत्या स्थितीत आला होता ती नोंदही जाते.

थंड इंजिन हवं

संध्याकाळी गाडी सोडा आणि सकाळी या, असं आम्ही म्हणतो तेव्हा ‘एका तासाच्या कामाला रात्रभर कशाला?’ असं विचारलं जातं. तपासणी एका तासाचीच आहे. पण त्यातली पहिली दहा मिनिटं रात्रभर थंड झालेल्या इंजिनावरच होतात. किती वेळ स्टार्टर मारावा लागतो, सुरू होताना पुढून चेनचा खडखडाट येतो का, धूर कोणत्या रंगाचा, हे सगळं गरम गाडीत लपतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, मग ते टर्बोतून येत असेल, व्हॉल्व्हच्या सीलमधून किंवा रिंगांमधून. पांढरा धूर मिनिटभरात गेला तर ग्लो प्लग किंवा इंजेक्टर बघायचे. गेलाच नाही आणि गोडसर वास आला तर कुलंट आत शिरतंय. रेडिएटरचा वरचा होज पहाटेही दाबला न जाण्याइतका टणक लागला, तर हेड गॅस्केटवर पहिला संशय घ्यावा.

मग इंजिन गरम करून ऑइल भरायचं झाकण काढतो. तिथून धूर भकाभक वर आला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे बोअर-रिंगा झिजल्यात. थोडी वाफ प्रत्येक जुन्या डिझेलला असते, तेवढ्यावरून कोणी ‘इंजिन खोला’ म्हणालं तर दुसरीकडेही दाखवा. आम्ही म्हणालो तरी दाखवा.

इंजिनापेक्षा चॅसी

इंजिनाची सगळ्यांना भीती असते, पण ते दुरुस्त होतं. टर्बो, क्लच, सस्पेन्शनचे बुश, लोअर आर्म, इंजेक्टर या सगळ्यांना भाव आहे आणि पार्ट मिळतात. आमचा निर्णय जास्त करून खालून बघितल्यावर ठरतो. आमच्याकडे कुंभार्ली घाट चढून चिपळूण-गुहागरकडच्या बऱ्याच गाड्या येतात. खाऱ्या हवेत उभी राहणारी गाडी वरून आरशासारखी असते आणि खाली चॅसीला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला), बॉडी माउंटिंगला, ब्रेकच्या लोखंडी पाइपांना गंज लागलेला असतो. वरवरचा गंज घासून कोटिंग करता येतो. पण हातोडीच्या टोकाने हलकं ठोकल्यावर पापुद्रे सुटले, तर त्या गाडीवर मोठा खर्च करू नका असं आम्ही स्पष्ट सांगतो, इंजिन कितीही गोड असो.

तसंच पुरातल्या गाडीचं. २०१९ला कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ला चिपळुणात पाण्याखाली गेलेल्या कित्येक गाड्या दुरुस्त होऊन पुढे विकल्या गेल्या. तुम्ही सेकंडहँड घेतलेली गाडी त्यातली आहे का, हे सीटच्या रुळांवरच्या गंजावरून, कार्पेटखालच्या गाळावरून आणि वायरिंगच्या हिरव्या पडलेल्या पिनांवरून कळतं. असा विजेचा त्रास एकदा सुरू झाला की संपत नाही. ती गाडी खरं सांगून विकावी.

किलोमीटरचं महत्त्व एके ठिकाणी मात्र पूर्ण आहे. जुनी २.५ लिटर डिझेल इनोव्हा आणि ३.० लिटर फॉर्च्युनर यांना टायमिंग बेल्ट आहे. तो वेळेत बदलला नाही आणि चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, आणि ठेवू का विकू हा प्रश्नच उरत नाही. बेल्ट कधी बदलला हे माहीत नसेल तर बदलला नाही असंच धरा. स्कॉर्पिओच्या एमहॉक इंजिनाला बेल्ट नसून चेन आहे, त्यामुळे एमहॉक स्कॉर्पिओवाल्यांनी ही काळजी करू नये.

हिशेब कशाशी लावायचा

‘गाडीला तीन लाख येतील आणि तुम्ही ऐंशी हजारांचं बिल सांगता’ ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. तुलना इथेच चुकते. बिल गाडीच्या किमतीशी न ताडता तिच्या जागी येणाऱ्या गाडीच्या वार्षिक खर्चाशी ताडा. समजा अठरा लाखांची नवी गाडी घेतली, त्यात पंधरा लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता साधारण ३१ हजार आणि पाच वर्षांत व्याज साडेतीन लाखांच्या वर. विमा कंपन्यांच्या घसाऱ्याच्या तक्त्याने पाच वर्षांच्या गाडीची किंमत निम्मी धरतात, म्हणजे नऊ लाख तिथे गेले. दोन्ही मिळून वर्षाला अडीच लाख, आणि यात नव्या गाडीचा विमा-सर्व्हिसिंग धरलेलं नाही.

‘नवीला अ‍ॅव्हरेज जास्त’ हेही तपासून बघा. वर्षाला दहा हजार किलोमीटर, जुनी ११ देते, नवी १४ देईल. फरक १९५ लिटरचा. डिझेल ९० रुपये धरलं तर साडेसतरा हजार. शिवाय नव्या बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो. रोज दोन-तीन किलोमीटर गावातल्या गावात फिरणाऱ्याचा तो चोंदतो, आणि मग तो मुद्दाम हायवेला पळवून साफ करावा लागतो.

म्हणून चॅसी शाबूत, पुराचं पाणी लागलेलं नाही आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च लाखाच्या आत, अशी गाडी असेल तर आम्ही ठेवा म्हणतो. ठेवा म्हणण्यात आमचा धंदा आहे हे उघड आहे. म्हणूनच तोंडी सांगत नाही, फोटोंसकट लिहून देतो.

एक बाजू पैशांत बसत नाही. चालकापुढची एअरबॅग आपल्याकडे १ जुलै २०१९पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या कित्येक खालच्या मॉडेलांत एअरबॅग नाही, एबीएसही नाही. घरात लहान मुलं आहेत आणि आठवड्याला पुणे-मुंबई आहे, तर इंजिन ठणठणीत असूनही बदला. तिथे आम्ही अडवत नाही.

पंधरा वर्षांची धास्ती

दहा वर्षांत डिझेल गाडी बंद, हा नियम दिल्ली-एनसीआरसाठी निघाला होता, महाराष्ट्रासाठी नाही. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतर आरटीओत पासिंग करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवता येते. एप्रिल २०२२पासून चारचाकीच्या पंधरा वर्षांनंतरच्या पहिल्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० झाली आहे. पर्यावरण कर वेगळा. उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये दंड आहे, तेव्हा मुदतीच्या दोन महिने आधी तयारीला लागा. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी नंबरप्लेट बसवली नसेल तर तेही काम आधी उरका.

याचा विक्रीशी संबंध असा, की चौदाव्या वर्षी गाडी विकायला काढणं सगळ्यात तोट्याचं. घेणारा पासिंगचा बाऊ करून भाव पाडतो. विकायची तर बाराव्या-तेराव्या वर्षी विका, नाहीतर पासिंग करून निवांत वापरा.

विकायचं ठरलंच तर

आधी डेंटिंग-पेंटिंग करू नका. नव्या रंगाखाली अपघात लपवलाय असं घेणाऱ्याला वाटतं आणि रंगाचे पैसे निघत नाहीत. तीन वर्षांपूर्वी शेजाऱ्याला मिळालेला भाव डोक्यातून काढा. सप्टेंबर २०२५मध्ये मोठ्या एसयूव्हीवरचा कर सेससकट ५० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही उतरतो.

नुसत्या टीटी फॉर्मवर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याच्या अर्जावर) सही करून गाडी देऊ नका. आरसीवर नाव तुमचं असेपर्यंत अपघाताच्या भरपाईची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये हेच सांगितलं आहे. नाव चढल्याची आरसी बघा, फास्टॅग बंद करा, कर्ज फिटलं असेल तर बँकेचा बोजा आधी उतरवून घ्या. आणि नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेतलं की नव्या गाडीच्या विम्यातल्या ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, हप्त्यावर ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. हे एजंट आपणहून क्वचितच सांगतो.

तपासणीबद्दल

तपासणीचे १,२०० रुपये घेतो आणि ते पुढच्या कामाच्या बिलातून वळते करत नाही. केले तर काम काढण्याकडे आमचाच कल झुकेल. लेखी अहवाल तुमचा. तो घेऊन दुसरीकडे काम केलंत तरी राग नाही, आणि विकताना घेणाऱ्याला दाखवलात तर भाव करताना उपयोगी पडतो.

येताना आरसी, विम्याची पॉलिसी आणि असतील तेवढी जुनी बिलं आणा, चुरगळलेली चालतील. दसऱ्याआधीच्या आठवड्यात नवीन तपासणी घेत नाही, पितृपक्षात मात्र रॅम्प बऱ्यापैकी मोकळे असतात. कोकणातून येणाऱ्यांनी दुपारनंतर घाट चढावा, म्हणजे गाडी रात्री आमच्याकडे थंड होईल. कराड स्टँडवर सोडायला आणि सकाळी आणायला आमचा माणूस येतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.