आयफोन की अँड्रॉइड? आधी सिम कुणाचं ते सांगा

पुण्यात नवा फोन घ्यायचा म्हटलं की आज चर्चा होते कॅमेऱ्याची, बॅटरीची आणि ईएमआयची. सिम कुठलंही घाला, चालेलच, हे गृहीत असतं. हे गृहीत धरता येण्याइतकी परिस्थिती यायला दोन दशकं गेली. तोवर ब्लॅकबेरी, आयफोन की अँड्रॉइड असं ठरवणारा पुणेकर प्रत्यक्षात परवान्याच्या हद्दी आणि लहरींचे (स्पेक्ट्रमचे) लिलाव यांच्या चौकटीत निवड करत होता. ते त्याला कळायचं बहुधा पैसे मोजून झाल्यावर.

या चौकटीचं मूळ सर्कलमध्ये, म्हणजे परवान्यांसाठी आखलेल्या विभागांमध्ये, आहे. मोबाइलचे परवाने देताना सरकारने मुंबईचं सर्कल वेगळं ठेवलं आणि पुणे 'महाराष्ट्र व गोवा' सर्कलमध्ये गेलं. घाट उतरून पनवेलकडे सरकलं की पुण्याचा नंबर रोमिंगवर. सुरुवातीला ही कटकट फक्त बिलापुरती होती. पुढे मात्र कुठला फोन पुण्यात नीट चालणार, हेही याच रेघेने ठरवलं.

फोनला खरं कुलूप आपण प्रथम पाहिलं ते सीडीएमए या मोबाइल तंत्रज्ञानाच्या काळात. रिलायन्स इन्फोकॉमची सेवा २००२ च्या डिसेंबरअखेर जाहीर झाली आणि २००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपये भरून फोन हातात देणारी 'मान्सून हंगामा' योजना आली. रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांच्या हातात फोन आला, हे त्या योजनेचं श्रेय कुणी नाकारू नये. पण त्या फोनला सिमच नव्हतं, नंबर फोनमध्येच भरलेला असायचा. कंपनी सोडली की फोन निकामी आणि नंबरही गेला, कारण नंबर पोर्ट करण्याची सोय देशभर मिळाली ती थेट २० जानेवारी २०११ रोजी. जीएसएम या दुसऱ्या, सिमवाल्या तंत्रज्ञानाच्या फोनचं तसं नव्हतं. नोकिया कुठल्याही दुकानातून घ्यावा, सिम कुणाचंही घालावं. आपल्याकडे बहुसंख्य ग्राहक प्रीपेडवाले, त्यांना दोन वर्षांच्या करारात बांधून फोन स्वस्त देण्याचा धंदा इथे रुजलाच नाही.

अमेरिकेत नेमका तोच धंदा चालायचा. २९ जून २००७ रोजी आयफोन विक्रीला आला तो एकट्या एटीअँडटीच्या नेटवर्कवर. व्हेरायझनच्या ग्राहकाला तो फेब्रुवारी २०११ पर्यंत मिळाला नाही. अँड्रॉइडचा पहिला फोन, एचटीसीचा जी१, ऑक्टोबर २००८ मध्ये टी-मोबाइलने आणला, आणि आयफोन हाती नसलेल्या व्हेरायझनने नोव्हेंबर २००९ मध्ये मोटोरोलाचा 'ड्रॉइड' जाहिरातींचा धडाका लावून विकला. अमेरिकेत अँड्रॉइडचे पाय रोवले गेले त्यात गूगलच्या हुशारीइतकाच या एकाधिकाराचाही वाटा आहे, असं माझं मत आहे.

भारतात आयफोन ३जी २२ ऑगस्ट २००८ रोजी एअरटेल आणि व्होडाफोनमार्फत आला. आठ जीबीच्या फोनची किंमत ३१,००० रुपये. अमेरिकेत तोच फोन करारासह १९९ डॉलरना, म्हणजे तेव्हाच्या दराने साडेआठ हजारांच्या आसपास मिळत होता. तिथे कुलूप होतं, पण त्याच्या बदल्यात सवलत होती. इथे पूर्ण किंमत मोजायची आणि वर फोन त्याच कंपनीच्या सिमला बांधलेला! गंमत पुढेच आहे. फोनच्या नावात ३जी, पण त्या दोन्ही कंपन्यांकडे ३जी सेवाच नव्हती, कारण लहरींचा लिलावच झाला नव्हता. एअरटेलनेच २००९ मध्ये आणलेल्या एचटीसी मॅजिक या भारतातल्या पहिल्या अँड्रॉइड फोनचीही तीच गत. ब्लॅकबेरीला तर दर महिन्याला कंपनीचा वेगळा प्लॅन लागायचा. तो बंद केला की ईमेलसाठी घेतलेल्या त्या महागड्या फोनवर ईमेल यायचं बंद.

त्यामुळे पुण्यात एक समांतर बाजार तयार झाला. आयटीतली मुलं ऑनसाइटहून परत येताना एटीअँडटीचा आयफोन आणायची, किंवा न्यू जर्सीतली मावशी तो पाठवायची. मग तो 'खोलून' घेण्यासाठी तपकीर गल्लीसारख्या बाजारातल्या छोट्या दुकानांच्या चकरा सुरू व्हायच्या. जेलब्रेक केलेला, म्हणजे कंपनीची बंधनं तोडलेला, फोन चालायचा, पण नव्या अपडेटने कुलूप पुन्हा लागण्याची भीती असायची. म्हणून 'अपडेट करू नका हं' ही दुकानदाराची ताकीद ठरलेली.

२०१० च्या एप्रिल-मेमध्ये ३जीचा लिलाव झाला आणि पुण्यापुरती गोष्ट विचित्र झाली. महाराष्ट्र सर्कलमध्ये खासगी कंपन्यांपैकी टाटा, आयडिया आणि व्होडाफोन यांना लहरी मिळाल्या. एअरटेलला मिळाल्या मुंबईत, इथे नाहीत. म्हणजे एअरटेलच्या ज्या सिमवर दादरला कंपनीचं स्वतःचं ३जी, त्यावर डेक्कनला नाही. मग कंपन्यांनी एकमेकींच्या ३जीवर आपले ग्राहक चालवण्याचे करार केले. ज्या सर्कलमध्ये लहरी घेतल्या नाहीत तिथे ३जी विकता येणार नाही, असं म्हणत दूरसंचार खात्याने डिसेंबर २०११ मध्ये ते थांबवायला सांगितलं. प्रकरण कोर्टकचेरीत गेलं आणि २०१४ मध्ये दूरसंचार लवादाने कंपन्यांच्या बाजूने निकाल दिला. मधल्या काळात महागडा स्मार्टफोन घेताना 'सिम कुणाचं?' हा प्रश्न 'फोन कुणाचा?' याच्या आधी विचारणं भाग होतं.

२०१० मधल्याच दुसऱ्या लिलावात, ब्रॉडबँडच्या २३०० मेगाहर्ट्‌झ पट्ट्यात, एअरटेलला महाराष्ट्र सर्कल मिळालं होतं. त्या जोरावर ऑक्टोबर २०१२ मध्ये कोलकाता आणि बेंगळुरूपाठोपाठ पुण्यात ४जी आलं. ३जीच्या लिलावात हुकलेल्या शहरात कंपनीने एकदम ४जी आणलं! पण ते डोंगल आणि राउटरपुरतं. तेव्हाचा नवाकोरा आयफोन ५ 'एलटीई', म्हणजे ४जी, फोन म्हणून मिरवत होता, पण त्यात बँड ४०, म्हणजे हाच पट्टा, नव्हता, आणि पुण्याचं ४जी होतं बँड ४० वर. शहरात ४जी, खिशात ४जी फोन, आणि दोघांची गाठ नाही. हा पट्टा भारतात विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये आला तो ५एस आणि ५सीपासून.

अँड्रॉइडकडे लोक वळले ते किमतीमुळे, यात वाद नाही. पण दोन सिम हे कारण उगाच दुर्लक्षित राहतं. कॉल एका कंपनीवरून स्वस्त, नेट दुसऱ्या कंपनीचं चांगलं, अशा बाजारात दोन खाचांचा फोन हाच नेटवर्कच्या मर्यादांवरचा साधा उतारा होता. अ‍ॅपलने दुसऱ्या सिमची सोय केली ती सप्टेंबर २०१८ मध्ये, तीही ईसिमच्या, म्हणजे फोनमध्येच बसवलेल्या सिमच्या, रूपाने.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आलं आणि अट बदलली. नेटवर्क फक्त ४जी, त्यामुळे साधा कॉलही व्होल्टीवरून, म्हणजे ४जीच्या डेटावरूनच. आयफोन ६ पासून पुढे काम सरळ होतं. ५एसवाल्यांना कॉलसाठी वेगळं अ‍ॅप लागायचं. ४जी असूनही व्होल्टी नसलेल्या अँड्रॉइड फोनचीही तीच अडचण. २०१७ च्या जिओफोनने तर सीडीएमएचे दिवस परत आणले. १,५०० रुपये अनामत, प्रणाली कायओएस आणि सिम फक्त जिओचं.

२०१८ मध्ये उलटा प्रकार घडला. नको असलेल्या कॉलची तक्रार करण्यासाठी ट्राय या दूरसंचार नियामकाने आधीच डीएनडी अ‍ॅप आणलं होतं, पण कॉल आणि संदेशांची माहिती अ‍ॅपला द्यायला अ‍ॅपल तयार नव्हतं. परवानगी न देणारे फोन नेटवर्कवरून काढायला सांगू, असा नियमच ट्रायने जुलैत केला. शेवटी वर्षअखेरीला ते अ‍ॅप आयफोनवर आलं.

५जीच्या वेळी पुन्हा तेच. नोव्हेंबर २०२२ मध्ये जिओने पुण्यात ५जी सुरू केलं. आयफोन १२ पासूनच्या फोनमध्ये लागणारं हार्डवेअर होतं, पण भारतीय नेटवर्कसाठी ते चालू करणारं आयओएस १६.२ आलं डिसेंबरच्या मध्यावर. अँड्रॉइडच्याही अनेक फोनना कंपनीच्या अपडेटची वाट पाहावी लागली.

परदेशातून फोन मागवण्याची पुणेरी सवय अजून गेलेली नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला १४ पासून सिमची खाचच नाही, म्हणजे इथे ईसिम घेणं आलं. आणि तिथल्या कंपनीकडून हप्त्यावर घेतलेला फोन हप्ते फिटेपर्यंत बहुधा कुलूपबंदच असतो. फोन तिथून निघण्याआधी सेटिंग्जमधल्या 'अबाउट'मध्ये 'कॅरिअर लॉक'समोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असं लिहिलंय का, ते मावशीला बघायला सांगावं.