पार्श्वभूमी : रेल्वेखालचा बोगदा टिकतो, रस्त्याखालचा बुजतो

सोलापुरात ‘सबवे’ म्हटलं तर समोरचा क्षणभर बघत राहतो. ‘बोगदा’ म्हणा, लगेच कळतं. आणि बोगदा म्हणजे रेल्वेखालचाच. 1860 मध्ये लोहमार्ग सोलापूरला पोचला, 1877 मध्ये ‘जुनी मिल’ नावाची कापडगिरणी सुरू झाली, मग आणखी गिरण्या आल्या आणि वस्ती रुळांच्या दोन्ही अंगांना पसरली. इकडच्याला तिकडे जायचं तर रुळांवरून नाहीतर रुळांखालून.

शाळेच्या वाटेवर आम्हाला असाच एक दगडी कमानीचा बोगदा लागायचा. पावसाळ्यात गुडघाभर पाणी, दप्तर डोक्यावर. वरून मालगाडी गेली की सांध्यांतून थेंब गळायचे आणि आवाज घुमावा म्हणून आम्ही मुद्दाम बोंबलायचो. आता तिथं काँक्रीटची चौकट आहे. आवाज पूर्वीसारखा घुमत नाही, पण वाट जिथल्या तिथं आहे. रुळांना वळसा घालणं परवडत नाही, म्हणून ती राहिली.

रस्त्याखालच्या आणि नदीखालच्या वाटांचं तसं नसतं. लंडनमध्ये ब्रुनेल या अभियंता पितापुत्रांनी थेम्स नदीखालून बोगदा काढला तो मालवाहू घोडागाड्यांसाठी. काम 1825 मध्ये सुरू झालं. पाणी घुसलं, माणसं दगावली, पैसा संपला. घोडागाड्या उतरवायचे उतार बांधायलाच पैसे उरले नाहीत, म्हणून 1843 मध्ये तो पायी चालणाऱ्यांना खुला केला! एक पेनी टोल, आत कमानींमध्ये खेळणी नि शोभेच्या वस्तूंची दुकानं. थोडक्यात, नदीखालचा गड्डाच, म्हणजे आमची सिद्धेश्वराची जत्रा. नवलाई ओसरल्यावर चोरांचा सुळसुळाट झाला, आणि 1869 पासून तिथून आगगाडी धावू लागली.

त्याच शहरातला टॉवर सबवे, हाही थेम्सखालचाच बोगदा, 1870 चा. आधी त्यात दोरानं ओढायचा डबा होता. तो धंदा काही महिन्यांत बुडाला, मग अर्ध्या पेनीत लोक चालत जाऊ लागले. 1894 मध्ये जवळच टॉवर ब्रिज झाला, तोही फुकट. कोण कशाला अंधारात उतरेल? 1898 मध्ये सबवे बंद झाला आणि पुढे त्यातून पाण्याचे नळ गेले.

विसाव्या शतकात कारण बदललं. मोटारी वाढल्या, त्यांना थांबावं लागू नये म्हणून माणसांना खाली ढकलायचं ठरलं. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा आतला रिंग रोड 1971 मध्ये पुरा झाला. चौकाचौकांत चालणाऱ्यांसाठी भुयारं. दिवे फुटलेले, भिंतींना मुताचा वास, संध्याकाळनंतर बायकामाणसं टाळणार. शतक बदलता बदलता तिथली बरीच भुयारं बुजवली आणि वर साधे सिग्नल दिले. माझ्या मते ती भुयारं कधी चालणाऱ्यांची नव्हतीच; ती गाड्यांची सोय होती.

मुंबईला सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं पहाटे उतरलं की सीएसएमटीसमोरच्या भुयारात दुकानांची शटरं खाली असतात. रात्री परतीच्या गाडीआधी तीच उघडी : मोबाइलची कव्हरं, चार्जर, घड्याळं. परवा सोबतचा मित्र पायऱ्यांपाशीच अडला. “वर रस्ता हाय की बे, खाली कशाला उतरायचं?” शेवटी उतरला, आणि इअरफोन घेऊनच वर आला.