डीपॉलच्या लहान अरीनाचा वाद : पार्श्वभूमी

२०२३-२४ च्या मोसमात शिकागोच्या डीपॉल विद्यापीठाचा पुरुषांचा बास्केटबॉल संघ बिग ईस्ट या विद्यापीठांच्या साखळीतले वीसच्या वीस सामने हरला. मोसमाचा एकूण हिशेब ३ विजय आणि २९ पराभव. असं काही झालं की चाहत्यांमध्ये एक विषय हमखास निघतो. संघ जिथे खेळतो त्या विनट्रस्ट अरीनातल्या, म्हणजे बंदिस्त क्रीडागृहातल्या, १०,३८७ खुर्च्या या संघाला फार होतात, त्यापेक्षा लिंकन पार्क कॅम्पसवरच्या मॅग्रा-फिलिप्स अरीनात, तीन हजारांच्या जागेत, खेळावं. ही मागणी करताना एक गोष्ट विसरली जाते. विनट्रस्ट बांधलं गेलं तेच मुळी या संघाचं ‘लहान अरीना’ म्हणून. म्हणजे जागा लहान करण्याचा प्रयोग एकदा होऊन गेला आहे. तो का करावा लागला आणि त्याचं पुढे काय झालं, हे समजून घ्यायला १९८० पर्यंत तरी मागे जावं लागतं.

त्याआधीचं थोडक्यात. चाळीसच्या दशकात संघ कॅम्पसवरच्या एका जुन्या नाट्यगृहात खेळायचा. त्या जागेला सगळे ‘बार्न’, म्हणजे कोठार, म्हणत. मोठे सामने मात्र तेव्हाही शहरातल्या शिकागो स्टेडियमवर व्हायचे. १९४५ मध्ये या संघानं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एनआयटी ही विद्यापीठांची मोठी स्पर्धा जिंकली, तीही एका जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या उंच सेंटरच्या जोरावर. रोजचं घर लहान आणि सणासुदीला मोठं, ही सोय त्या काळापासूनची आहे. १९५६ मध्ये अलम्नाय हॉल उभा राहिला. ५,३०० च्या आसपास माणसं मावायची. वसतिगृहातून निघालेला मुलगा कोट अंगावर चढवून काही मिनिटांत आपल्या जागेवर जाऊन बसायचा.

मग १९७९ उजाडलं. संघ विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेत सॉल्ट लेक सिटीला फायनल फोरमध्ये, म्हणजे शेवटच्या चार संघांत, पोहोचला आणि उपांत्य सामन्यात इंडियाना स्टेटकडून ७६-७४ असा हरला. पुढच्या मोसमात २६ विजय, २ पराभव, आणि बराच काळ देशात पहिला क्रमांक. सामने दूरचित्रवाणीवरून घरोघर दिसू लागले होते आणि अलम्नाय हॉलचं तिकीट मिळणं मुश्कील झालं होतं. त्याच सुमारास ओहेअर विमानतळाला लागून असलेल्या रोझमाँट गावात साडेसतरा हजार आसनांचं रोझमाँट होरायझन बांधलं जात होतं. १३ ऑगस्ट १९७९ रोजी काम चालू असताना त्याचं लाकडी छत कोसळलं आणि पाच कामगार ठार झाले. या वास्तूच्या इतिहासात ही गोष्ट तळटीप म्हणून येते. मला ती सुरुवातीलाच सांगितली पाहिजे असं वाटतं. छत पुन्हा उभारलं गेलं, १९८० मध्ये अरीना सुरू झालं आणि डीपॉल तिकडे गेलं.

आज मागे वळून ‘तेव्हाच चुकलं’ म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. दारात गर्दी उभी असताना पाच हजारांच्या सभागृहात अडून बसायला कुठलंही विद्यापीठ तयार झालं नसतं. १९८०, १९८१ आणि १९८२ अशी सलग तीन वर्षं संघाला राष्ट्रीय स्पर्धेत अव्वल मानांकन होतं. (तिन्ही वर्षी पहिल्याच सामन्यात हार झाली, ते दुःख वेगळं.) प्रशिक्षक १९४२ पासून तेच होते, ते १९८४ मध्ये निवृत्त झाले आणि सूत्रं त्यांच्या मुलाकडे गेली. खुर्च्या वाढल्या, याला माझी हरकत नाही. माझी हरकत अंतराला आहे. लिंकन पार्क ते रोझमाँट हा रस्ता पंधरा मैलांच्या घरात जातो. जानेवारीतल्या बुधवारी संध्याकाळी हायवेला लागणं किंवा विद्यापीठाच्या बसची वाट बघणं, तिथे उतरल्यावर वाऱ्यात पार्किंग ओलांडणं, आणि सामना संपल्यावर हे सगळं उलट क्रमानं करणं. जिंकणाऱ्या संघासाठी लोक एवढं करतात. हरणाऱ्या संघासाठी फक्त आईवडील करतात.

आणि संघ हरू लागला. १९९२ नंतर राष्ट्रीय स्पर्धेत त्याला फक्त दोनदा जागा मिळाली, २००० आणि २००४ मध्ये. १९९९ मध्ये होरायझनचं नाव ऑलस्टेट अरीना झालं. २००५ मध्ये डीपॉल बिग ईस्टमध्ये दाखल झालं आणि २००८-०९ मध्ये तिथले अठराच्या अठरा साखळी सामने हरलं. अलम्नाय हॉल तोवर पाडला गेला होता. त्या जागेवर आज विद्यार्थी केंद्र आहे.

या टप्प्यावर एका शब्दाची फोड केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तो शब्द ‘हजेरी’. अरीना मोठं की लहान हे हजेरीवरून ठरतं असं सगळे गृहीत धरतात. पण हजेरी एक नसते, तीन असतात. पहिली, वाटलेली तिकिटं. त्यात प्रायोजकांचे गठ्ठे, फुकट पास आणि शाळांना दिलेली तिकिटं सगळी आली. दुसरी, पैसे देऊन घेतलेली तिकिटं. मोसमाचं तिकीट घेऊन घरी बसलेला माणूस यात प्रत्येक सामन्याला मोजला जातो. तिसरी, दारावर ज्यांचं तिकीट स्कॅन झालं ती माणसं. सामन्याच्या वृत्तांताखाली जो आकडा छापतात तो सहसा पहिला किंवा दुसरा असतो. यात बेकायदा काही नाही. मोजण्याची रीत ज्याची त्याची. आपल्याकडे नाट्यगृहाच्या दारात हाउसफुल्लचा बोर्ड लागलेला असताना आत पासवाल्यांच्या तीन रांगा रिकाम्या असतात, तसंच हे.

फरक पडतो तो या आकड्यावरून पुढचे निर्णय घेतले जातात म्हणून. विकलेल्या तिकिटाचे पैसे विद्यापीठाला मिळून जातात, त्यामुळे त्याच्या दृष्टीनं तो आकडा खरा. अरीना चालवणाऱ्याला मात्र पार्किंग, खाणं आणि बिअर यांतून उत्पन्न हवं असतं. न आलेला माणूस गाडी लावत नाही. बाकांवरच्या विद्यार्थ्यांना आणि कोर्टवरच्या खेळाडूंना तर फक्त तिसरा आकडा जाणवतो. दोन हजारांचा आवाज दोन हजारांच्या खोलीत कानठळ्या बसवतो. साडेसतरा हजारांच्या पोकळीत तोच आवाज छताला पोहोचेपर्यंत विरतो आणि मागे उरते बुटांची करकर. प्रशिक्षक टाइमआउटला काय सांगतोय ते दहाव्या रांगेत ऐकू येतं.

ऑलस्टेट अरीना रोझमाँट गावाच्या मालकीचं होतं, म्हणजे सार्वजनिक. त्यामुळे दारावरच्या मोजणीचे आकडे पत्रकारांना मागवता आले. नव्या अरीनाची चर्चा रंगात असताना ते छापून आले. विद्यापीठानं जाहीर केलेली सरासरी आठ हजारांच्या जवळ होती. प्रत्यक्ष दारातून आत गेलेले सामन्यामागे तीन हजारांच्याही आत.

आता १०,३८७ हा आकडा पुन्हा बघा. आठ हजार माणसं येतात असं धरलं, तर दहा हजारांचं अरीना अगदी बेताचं वाटतं. थोडी वाढ गृहीत धरलेली आणि मोठ्या सामन्याला जागा राखलेली. तीन हजार धरले, तर तेच अरीना गरजेच्या तिपटीहून मोठं. म्हणजे साडेसतरा हजारांवरून दहा हजारांवर येणं हा ‘लहान’ होण्याचा निर्णय म्हणायचा की नाही, हे तुम्ही तीनपैकी कुठली हजेरी हातात धरता यावर अवलंबून आहे. माझ्या मते धरायला हवी होती ती तिसरी. वाद घालणाऱ्या दोन्ही बाजू अनेकदा वेगवेगळे आकडे घेऊन भांडतात आणि समोरचा खोटं बोलतोय असं दोघांनाही मनापासून वाटतं.

मे २०१३ मध्ये शहराच्या आणि राज्याच्या नेतृत्वानं मॅककॉर्मिक प्लेस या प्रदर्शन केंद्राशेजारी नवं अरीना बांधण्याची घोषणा केली. अंदाजित खर्च १७ कोटी ३० लाख डॉलर. विद्यापीठाचा वाटा ७ कोटी, प्रदर्शन केंद्र चालवणाऱ्या सरकारी संस्थेचा ७ कोटी, आणि उरलेले ३ कोटी ३० लाख शहराच्या टिफ निधीतून, म्हणजे ठरावीक भागातल्या वाढीव मालमत्ता करातून बाजूला काढलेल्या पैशांतून. त्याच महिन्यात शहरानं सुमारे पन्नास सार्वजनिक शाळा बंद करण्याचा ठराव केला. या दोन बातम्या लोकांनी एकत्र वाचल्या, आणि त्या तशाच वाचल्या जाणं साहजिक होतं. निधीचे कप्पे वेगळे आहेत असा खुलासा झाला. पण ज्याच्या मुलाची शाळा बंद होते आहे त्याला कप्प्यांचा हिशेब पटत नाही. टीका वाढली तसे आराखड्यातले टिफचे पैसे अरीनावरून काढून शेजारच्या जमिनीकडे आणि हॉटेलकडे वळवले गेले. २०१७ मध्ये तर साडेपाच कोटी डॉलरचा टिफ निधी अखेर नेव्ही पियर या सरोवराकाठच्या पर्यटनस्थळाच्या कामी लागल्याचं पत्रकारांच्या तपासातून समोर आलं.

पर्याय दोन होते. शहरातल्या युनायटेड सेंटर या अरीनानं दहा वर्षं विनाभाडं खेळू देण्याची तयारी दाखवली होती. पैशांच्या दृष्टीनं याहून स्वस्त काही नव्हतं, पण ते वीस हजारांहून मोठं, म्हणजे दुखणं तेच आणि आणखी वाढलेलं. दुसरा पर्याय मला जास्त चुटपुट लावतो. कॅम्पसपासून चालत जाता येईल अशा, नदीकाठच्या फिंकल पोलाद कारखान्याच्या जागेचं नाव चर्चेत होतं. ते पुढे गेलं नाही. त्या जमिनीवर नंतर लिंकन यार्ड्स ही भली मोठी बांधकाम योजना मंजूर झाली.

विनट्रस्ट ऑक्टोबर २०१७ मध्ये उघडलं. ११ नोव्हेंबरला पहिल्या सामन्यात नोत्र दामनं डीपॉलला ७२-५८ असं हरवलं. अंतराच्या बाबतीत मात्र खरी सुधारणा झाली. कॅम्पसजवळच्या फुलर्टन स्थानकावर रेड लाइनची लोकल पकडली की गाडी न बदलता सर्मक-चायनाटाउनला उतरता येतं, पुढे थोडं चालणं. रोझमाँटच्या तुलनेत हे सुखाचं आहे. पण पाच मैल ते पाच मैलच. आठच्या सामन्याला जायचं की नाही हा अजूनही ठरवून घ्यायचा निर्णय आहे, जाता जाता डोकावण्याचा नाही.

त्याच वर्षी शिकागोत आणखी एक गोष्ट घडली आणि या वादात ती पुरेशी वापरली जात नाही. शेजारच्या एव्हनस्टनमधलं नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ मार्च २०१७ मध्ये आपल्या इतिहासात पहिल्यांदाच राष्ट्रीय स्पर्धेत खेळलं. पुढच्या मोसमात कॅम्पसवरच्या वेल्श-रायन अरीनाची दुरुस्ती होती, म्हणून घरचे सामने ठेवले गेले रोझमाँटला. डीपॉलनं नुकत्याच रिकाम्या केलेल्या त्याच ऑलस्टेट अरीनात. संघ बराचसा तोच होता, तरी हिशेब झाला १५ विजय, १७ पराभव. एका अरीनामुळे संघ हरतो असं मी म्हणणार नाही, दुखापती आणि दडपण असतंच. पण पुढचं पाहा. २०१८ मध्ये वेल्श-रायन पुन्हा उघडलं तेव्हा त्याची क्षमता ८,११७ वरून ७,०३९ वर आणलेली होती. यश नुकतंच चाखलेल्या विद्यापीठानं कॅम्पस सोडला नाही आणि खुर्च्या जाणूनबुजून कमी केल्या. शहराच्या उत्तर टोकाला लोयोला विद्यापीठाचं जेंटील अरीना साडेचार हजारांच्या आसपासचं, कॅम्पसवरच. २०१८ मध्ये लोयोला तिथूनच फायनल फोरला गेलं.

मॅग्रा-फिलिप्सच्या बाजूनं बोलणारे डीपॉलच्या घरातलाच दाखला देतात. स्त्रियांचा संघ वर्षानुवर्षं तिथे खेळत आला आणि २००३ पासून दीड दशकाहून जास्त काळ त्यानं राष्ट्रीय स्पर्धा चुकवली नाही. २०१९ च्या मार्च-एप्रिलमध्ये पुरुषांचा संघ एका दुय्यम स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत गेला. साउथ फ्लोरिडाविरुद्धची लढत तीन सामन्यांची होती. शिकागोत ही लढत याच छोट्या अरीनात झाली आणि तीनपैकी एक सामना डीपॉलनं जादा वेळेत १००-९६ असा जिंकला. मालिका मात्र हातची गेली.

विरोधी बाजूचं म्हणणंही पोकळ नाही. विद्यापीठानं विनट्रस्टमध्ये कोट्यवधी डॉलर घातले आहेत. बिग ईस्टमधल्या इतर संघांची अरीना पाहिलेल्या शाळकरी खेळाडूला तीन हजारांची व्यायामशाळा दाखवून बोलावणं अवघड जातं. आणि संघ सुधारला तर? १९८० मध्ये नेमकं हेच विचारलं गेलं होतं.

दरम्यान विनट्रस्टचं माप दुसऱ्याच एका संघाला तोकडं पडू लागलं. २०१८ पासून तिथे खेळणाऱ्या स्त्रियांच्या व्यावसायिक संघानं, शिकागो स्कायनं, २०२१ मध्ये याच कोर्टवर विजेतेपद मिळवलं. २०२५ मध्ये इंडियाना फीव्हरविरुद्धचे घरचे दोन सामने त्यांनी युनायटेड सेंटरला हलवले, कारण दहा हजार जागा पुरणार नव्हत्या. डीपॉल मात्र लिंकन पार्कमध्ये सरावाची नवी इमारत बांधण्याच्या मागे आहे. त्यासाठी जुनी घरं पाडण्याला शेजाऱ्यांनी हरकत घेतली. म्हणजे खेळाडूंचा रोजचा घाम फुलर्टन स्थानकाजवळ गळणार आहे. सामन्याच्या दिवशी मात्र त्यांना आणि त्यांच्या वर्गमित्रांना पूर्वीसारखंच सर्मक गाठायचं आहे.