इम्युनोअसेमधली डीएनएची सुरगाठ

इम्युनोअसे म्हणजे अँटिबॉडीच्या पकडीने रक्तातलं एखादं प्रथिन मोजणारी चाचणी. रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५९-६० च्या सुमारास रक्तातलं इन्सुलिन मोजलं, ते किरणोत्सारी आयोडिनची खूण वापरून. १९७१ मध्ये स्टॉकहोममध्ये एव्हा एंगवाल आणि पीटर पर्लमान यांनी किरणोत्साराच्या जागी रंग आणणारं एन्झाइम आणलं आणि एलायझा ही चाचणी रूढ झाली. या क्षेत्रात डीएनए शिरला १९९२ मध्ये, तोही खूण म्हणूनच. ताकेशी सानो, कॅसांड्रा स्मिथ आणि चार्ल्स कँटर यांनी अँटिबॉडीला डीएनएचा तुकडा जोडला आणि तो पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढणाऱ्या तंत्राने, वाढवून मोजला. अवघे ५८० रेणू पकडल्याचा त्यांचा दावा होता. एलायझाच्या साधारण लाखपट संवेदनशीलता.

आकडा थक्क करणारा, पण दुखणं वेगळंच होतं. नळीच्या भिंतीला उगाच चिकटून राहिलेल्या अँटिबॉडीवरचा डीएनएही पीसीआर तितक्याच इमानाने वाढवतो. खरा शत्रू क्षीण संकेत नव्हताच, खोटा संकेत होता. जपानमध्ये एजी इशिकावा यांनी हे १९८० च्या दशकातच हेरलं होतं: पकडलेली प्रथिन-अँटिबॉडी जोडगोळी एका पृष्ठभागावरून सोडवायची आणि दुसऱ्यावर पुन्हा पकडायची, म्हणजे चिकटलेला कचरा मागेच राहतो. मात्र त्यासाठी प्रथिनांना धक्का न लावता सुटेल असा दुवा लागतो. बायोटिन हा छोटा रेणू आणि स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन यांची एकमेकांवरची पकड इथे निरुपयोगी. ती इतकी घट्ट असते की सौम्य उपायांनी सुटतच नाही.

डीएनएचे दोन पूरक धागे मात्र सुरगाठीसारखे वागतात. नेहमीच्या क्षारांच्या द्रावणात पक्के, पण हवे तेव्हा सुटणारे. १९९४ मध्ये क्रिस्टोफ नीमायर आणि सहकाऱ्यांनी स्ट्रेप्टाव्हिडिनला छोटे डीएनए धागे जोडून प्रथिनं नेमक्या पूरक धाग्याच्या ठिकाणी बसवून दाखवली. क्रम बदलला की पत्ता बदलतो, त्यामुळे एकाच पृष्ठभागावर अनेक अँटिबॉडी आपापल्या जागी बसवता येतात. पुढे २००७ मध्ये कॅलटेकमधल्या जेम्स हीथ यांच्या गटाने याचाच फायदा घेतला: चिप बनवतानाची उष्णता डीएनए सोसतो, नाजूक अँटिबॉडी नंतर येऊन त्यावर बसतात.

गाठ सोडवायची युक्ती आली ती भलत्याच दिशेने. २००० मध्ये बर्नार्ड युर्के आणि सहकाऱ्यांनी डीएनएचा चिमटा उघड-बंद करून दाखवला. एका धाग्याला थोडं मोकळं टोक ठेवायचं. तिथे नवा धागा पकड घेतो आणि जुन्याला हुसकावतो. उष्णता नको, आम्ल नको. रोगनिदानाशी या प्रयोगाचा काही संबंध नव्हता, पण इशिकावांच्या युक्तीला लागते तशी सौम्य सुटका डीएनए दुव्यानेही यातून शक्य झाली.

उप्सालामध्ये उल्फ लांडेग्रेन यांच्या गटाने २००२ मध्ये वेगळी वाट धरली. एकाच प्रथिनाला दोन ओळखरेणू शेजारी शेजारी बसले, तरच त्यांची डीएनए टोकं जोडली जातात आणि पीसीआरला वाढवण्याजोगं काही मिळतं. सुरुवातीचे ओळखरेणूही डीएनएचेच, म्हणजे अ‍ॅप्टामर होते. अँटिबॉडी नंतर आल्या. माझ्या मते खोट्या संकेताला दिलेलं हे सर्वांत चतुर उत्तर, कारण एकटा चिकटलेला रेणू इथे गप्पच राहतो.

अलीकडच्या पद्धती या दोन्ही वाटा एकत्र करतात: डीएनए दुव्याने पकड, सुटका, पुन्हा पकड, आणि शेवटी शेजारच्या टोकांची जोडणी. त्रास उरतो तो अँटिबॉडीला धागा जोडण्याच्या रसायनात. किती धागे बसले आणि कुठे, यावर नियंत्रण अवघड असतं. एखादा धागा नेमका प्रतिजन (मोजायचं प्रथिन) पकडणाऱ्या टोकाशी बसला तर पकड ढिली होते. शिवाय ऋणभारित डीएनए धनभारित प्रथिनांना आपणहून चिकटतो. म्हणून द्रावणात असंबंधित डीएनए मिसळून त्या जागा आधीच भरून टाकतात.